कट्यार आणि तिची मूठ

‘कट्यार’ हा शब्द मराठी कानास अपरिचित नाहीं. १९६७ सालीं रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकानें आणि पुढें २०१५ सालीं निघालेल्या चित्रपटानें तो घरोघर पोंचविला आहे. परंतु हा शब्द ज्यांच्या तोंडीं सहज येतो, त्यांच्या हातीं कागद व पेन्सिल देऊन कट्यारीचें चित्र काढावयास सांगितलें, तर बहुतेक जण सुरीचें अथवा खंजिराचें चित्र काढतील, असें आम्हांस वाटतें. एक पातें, त्याच्या मागें सरळ मूठ, आणि ती मूठ चार बोटांनीं वेढून धरलेली. कट्यार अशी नसते. तिचें जें वैशिष्ट्य आहे तेंच ह्या चित्रांत नेमकें गळून पडतें.

वाचकांनीं शिडीचा एक लहानसा तुकडा डोळ्यांपुढें आणावा. दोन उभ्या दांड्या, आणि त्यांस जोडणाऱ्या दोन आडव्या पायऱ्या. ह्या तुकड्याच्या एका टोंकास रुंद बुडाचें, पुढें निमुळतें होत गेलेलें दुधारी पातें बसविलें कीं कट्यार झाली. पायऱ्या मुठींत धरावयाच्या. मग उभ्या दांड्या मनगटाच्या दोहों बाजूंस येतात आणि पातें बोटांच्या पेरांपुढें हाताच्या सरळ रेषेंत निघतें. सर्व मिळून लांबी बहुधा १२ ते १८ इंच. हातांत घेतांक्षणींच लक्षांत येतें कीं, ही वस्तु धरावयाची नसून हातांत घालावयाची आहे. बोटांत आंगठी घालावी तशी.

ही मूठ म्हणजेच कट्यार. पातें बदललें तरी कट्यार ती कट्यारच राहते. मूठ बदलली म्हणजे तिचें नांवही बदलावें लागतें. ‘बहुगुणी शस्त्र’ म्हणून तिची जी स्तुति अलीकडे पुष्कळदां ऐकूं येते, ती कितपत खरी हें ठरवावयाचें असेल तर आरंभ मुठीपासूनच केला पाहिजे.

सुरी हातांत धरली म्हणजे पातें आणि हात यांच्यामध्यें मनगटाची बिजागरी येते. टोंक एखाद्या कठीण पदार्थावर रोंवावयास जावें तों मनगट वांकतें, आणि खांद्यापासून आलेल्या जोराचा बराच भाग तेथेंच खर्ची पडतो. कट्यारीच्या रचनेंत ह्या बिजागरीस कामच ठेवलेलें नाहीं. पातें, मूठ, मनगट आणि कोपरापर्यंतचें हाड हीं सर्व एका रेषेंत येतात, आणि उभ्या दांड्या मनगटास दोहों बाजूंनीं आवरून धरतात. भिंतीवर ठोसा मारतांना जितका जोर लागतो तितका सर्व टोंकावर उतरतो. सुतार पटाशीच्या डोक्यावर मोगरी मारतो तेव्हां जोर जसा पटाशीच्या अंगांतून सरळ धारेवर जातो, तसाच हा प्रकार. येथें मोगरीचें काम मनुष्याचें अंग करतें.

हा जोर कशासाठीं हवा होता, हें त्या काळच्या पोषाखावरून कळतें. लढणारा मनुष्य अंगांत लोखंडी कड्यांचें विणलेलें चिलखत घालीत असे. तरवारीचा वार अशा जाळीवरून घसरतो. परंतु अरुंद आणि भक्कम टोंक कड्याच्या पोटांत शिरलें आणि त्यामागें पुरेसा जोर असला, तर कडें उकलतें. म्हणून पुष्कळ जुन्या कट्यारींचें पातें मध्यें पातळ असून टोंकाशीं मात्र मुद्दाम जाड ठेवलेलें आढळतें. संग्रहालयांत अशी कट्यार पाहिली म्हणजे अनभ्यस्त प्रेक्षकास वाटतें कीं टोंक बोथट झालें आहे. तें बोथट झालेलें नसतें. तसेंच घडविलेलें असतें, आणि खऱ्या कामाची कट्यार ओळखण्याची ही एक चांगली खूण आहे.

परंतु ज्या रचनेनें हा लाभ होतो, तिनेंच तोटेही येतात. मनगट बांधलें गेल्यामुळें हात फिरवून कापण्याचें काम कट्यारीस नीट साधत नाहीं. सुरी उलटी धरतां येते, आडवी धरतां येते. कट्यार एकाच रीतीनें धरावी लागते. तिचा पल्ला हाताच्या लांबीपलीकडे वीतभर. समोरच्यापाशीं तरवार असेल आणि मध्यें मोकळी जागा असेल, तर नुसती कट्यार घेऊन उभा राहणारा मनुष्य मोठ्या संकटांत सांपडलेला समजावा. घरगुती कामाची तर गोष्टच नको. फळ चिरणें, दोर कापणें, लांकूड तासणें, जें कोणताही साधा चाकू करतो, त्यांतलें एकही काम तिच्याकडून सुखानें होत नाहीं. ज्यांनीं तिला बहुगुणी म्हटलें त्यांनीं तिच्यानें एखादी काकडी चिरून पाहावी, इतकीच आमची विनंति आहे.

मग हें शस्त्र शतकानुशतकें लोकांच्या कमरेस राहिलें तें कां? तरवारीस जेथें वाव नसे तेथें कट्यारीस वाव असे. दरबाराची दाटी, वाड्यांतील अरुंद बोळ, किल्ल्याच्या दिंडीदरवाजांतील गर्दी, घोड्यावरून खालीं आलेल्या दोघांची झोंबाझोंबी, अशा जागीं तीन फूट लांबीचें पातें उपसणेंसुद्धां कठीण, मग चालविण्याची गोष्ट दूरच. १६४४ सालीं आग्र्याच्या किल्ल्यांत, शहाजहानच्या दरबारीं, अमरसिंह राठोडानें मीरबक्षी सलाबतखानास ठार मारलें तें जमधरानेंच. कट्यारीचा प्रांत तो हा: अगदीं जवळचें अंतर आणि एकच सरळ आघात.

जमधर, आणि आपल्याकडील जमदाड अथवा जमदाढ, ह्या नांवाची व्युत्पत्ति यमाच्या दाढेवरून लावण्याचा प्रघात आहे. नांव भयंकर खरें; पण पुढें निमुळतें होत गेलेलें तें जाड टोंक पाहिलें म्हणजे उपमा अगदींच कविकल्पना वाटत नाहीं. अकबराच्या कारकीर्दींत अबुल फजलानें ऐने अकबरींत शस्त्रांची जी यादी दिली आहे तींत जमधर आहे. शिवाय दोन टोंकांची आणि तीन टोंकांची असे तिचे प्रकारही आहेत. इंग्रजी ग्रंथांत हेंच शस्त्र ‘कटार’ म्हणून ओळखलें जातें. एगर्टन यानें १८८० सालीं लंडनमधील हिंदी शस्त्रांचें जें सूचिपुस्तक छापलें, त्यामुळें हें नांव तिकडे विशेष रूढ झालें. आपल्या मराठींत कट्यार व जमदाड हे दोन्ही शब्द नांदत आले, आणि एका म्यानांत दोन तरवारी राहत नाहींत हा न्याय शब्दांस लागू नसल्यामुळें त्यांत कोणाचें नुकसान झालें नाहीं.

ह्याहूनही जुना उल्लेख इब्न बतूता ह्या प्रवाशाचा आहे. तो चौदाव्या शतकांत दिल्लीहून दक्षिणेकडे निघाला असतां ग्वाल्हेरच्या बाजूस अलापूर येथील बद्र नांवाच्या हबशी अंमलदाराची हकीकत लिहितो. हा अंमलदार शौर्याबद्दल मोठा प्रसिद्ध होता. त्यास एका गांवकऱ्यानें जें शस्त्र चालवून मारलें, त्याचें नांव ‘कत्तारा’ असें तो देतो आणि त्याचें वर्णनही करतो. नांगराच्या फाळासारखें लोखंड, त्यांत हात घालावयाचा, तें पुढचा हात झांकतें आणि पुढें दोन हात लांबीचें पातें राहतें. हें वर्णन वाचतांना मराठी वाचकास कट्यारीपेक्षां दुसऱ्याच एका शस्त्राची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. तिच्याकडे आम्ही पुढें वळणार आहों. तूर्त, आपल्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध भेटींत ह्या शस्त्राचा जो भाग आहे तो पाहूं.

२०२४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून कांहीं काळापुरतीं साताऱ्यास आणलेल्या वाघनखांची चर्चा घरोघर झाली. प्रतापगडच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं जें घडलें त्यांतील महाराजांचीं शस्त्रें, वाघनखें आणि बिचवा, मुलांनाही पाठ आहेत. समोरच्या हातांत काय होतें हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराममहाराजांसाठीं बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद ह्याचें उत्तर स्पष्ट देतो. खानानें महाराजांची मान कांखेंत आवळली, जमदाडीचें म्यान टाकलें आणि ती त्यांच्या कुशींत चालविली. परंतु ती अंगांतील कुडत्यावर घासली गेली व शरीरास लागली नाहीं, असें तो सांगतो. इतर साधनांतील तपशील निरनिराळे आहेत. परंतु हातघाईच्या भेटीसाठीं त्या काळचा एक अनुभवी सरदार कोणतें शस्त्र जवळ बाळगी, हें ह्या एका वाक्यावरून कळतें.

येथें एक प्रश्न उत्पन्न होतो. जें शस्त्र चिलखत फोडण्यासाठींच घडविलें, तें ऐन वेळीं घासून कां गेलें? आमचा तर्क असा. कट्यारीच्या आघातास हात मागें घेऊन सरळ पुढें लोटण्यापुरती जागा लागते. पाऊण हात कां होईना, पण लागते. खानानें एका हातानें मान कवटाळून महाराजांस अंगाशीं घट्ट धरलें होतें. म्हणजे ज्या मिठीनें त्यानें आपला डाव साधला, तिनेंच आपल्या कट्यारीची वाट अडविली. बाजूनें, तिरप्या हातानें आलेलें टोंक कड्यांत न शिरतां कड्यांवरून सरकलें. उलट, बिचव्याचें पातें वांकडें असतें आणि वाघनखें तर तळहातांतच असतात. त्यांस अंतर लागत नाहीं. शस्त्राच्या गुणदोषांची इतकी कठोर परीक्षा इतिहासांत क्वचितच झाली असेल. अर्थात् महाराजांचें सावधपण, खानाचें आडदांड शरीर आणि त्या क्षणाचा दैवयोग ह्या सर्वांचा वाटा त्यांत होता. सगळें श्रेय लोखंडास देण्याचा आमचा हेतु नाहीं.

त्याच भेटींत सय्यद बंडा हा खानाचा पट्टेकरी महाराजांवर चालून आला. हा पट्टा, म्हणजेच आपला दांडपट्टा, कट्यारीचें वाढलेलें अपत्य होय. दांडपट्ट्याच्या लोखंडी खोळींत हात घालून पाहिला तर आंत तोच आडवा गज मुठींत येतो. कट्यारीच्या उभ्या दांड्या मनगटाचें रक्षण करीत. येथें त्यांच्या जागीं कोपरापर्यंत पोंचणारी पन्हाळी आली, आणि वीतभर पात्याच्या जागीं लांबलचक, लवचिक पातें आलें. इब्न बतूतानें वर्णिलेलें हत्यार ह्या दोहोंच्या मधलें दिसतें. पट्ट्यांत मजेची गोष्ट अशी झाली कीं, जी मूठ भोंसकण्यासाठीं जन्मास आली तिलाच लांब पातें लावतांच ती फिरविण्याचें शस्त्र बनली. मनगट बांधलेलें, म्हणून पट्टेकऱ्यानें खांदा, कंबर आणि पाय हींच फिरविण्यास शिकलीं पाहिजेत. कोल्हापुराकडील मर्दानी खेळांत पट्टेकरी चक्राकार फिरतांना, उड्या घेतांना दिसतो, तें केवळ नटवेपण नव्हे. मूठच त्याला तसें करावयास लावते. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. आईचें नांव त्या प्रसंगीं कोणी घेतल्याचें आमच्या ऐकण्यांत आलें नाहीं.

कट्यारीचीं सर्वांत देखणीं रूपें दक्षिणेंत झालीं. विजयनगरच्या काळच्या कट्यारींस हाताच्या पाठीवर येणारी, पानाच्या किंवा नागफणीच्या आकाराची जाळीदार ढाल असे. त्या जाळींत याळी, मकर, मोर कोरलेले. उत्तरेकडील कट्यारींत ही ढाल नाहींशी झाली आणि केवळ उभ्या दांड्या राहिल्या. ह्या दाक्षिणात्य कट्यारींचा सर्वांत मोठा सांठा होता तंजावरच्या राजवाड्यांत, म्हणजे व्यंकोजी राजांच्या वंशजांच्या, मराठ्यांच्या शस्त्रागारांत. त्यांत नायकांच्या आणि त्याही पूर्वींच्या वस्तु होत्या. १८५५ सालीं शिवाजी राजे पुत्र नसतां वारले आणि कंपनीनें राज्य खालसा केलें. सरस्वती महाल ग्रंथालय वांचलें, ही आपणां सर्वांच्या आनंदाची गोष्ट. परंतु शस्त्रागार वांचलें नाहीं. पुढील दशकांत सरकारी हुकुमानें तें मोडण्यांत आलें. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयांत गेले. उरलेल्या ढिगांतील हत्यारें मोडून लोखंडाच्या भावानें विकलीं गेलीं. मद्रास इलाख्यांतील वॉलहाउस नांवाच्या अधिकाऱ्यानें १८७८ सालच्या ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत ह्या शस्त्रागारावर लेख लिहिला आहे. आज तंजावरची उत्तम कट्यार पाहावयाची तर चेन्नईस एग्मोरच्या सरकारी संग्रहालयांत जावें, अथवा न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत. तंजावरास एकदां हजारोंनीं असलेली वस्तु आतां परदेशीं कांचेच्या पेटींत एकेक करून दिसते.

कट्यारीच्या ‘बहुगुणीपणा’चे जे पुरावे म्हणून दाखविले जातात त्यांचा विचार थोडक्यांत करूं. मूठ दाबतांच पातें कात्रीसारखें उघडून आंतून दुसरें पातें बाहेर येणारी कट्यार. दोहों बाजूंस दोन लहान तपंचे बसविलेली कट्यार. पोकळ पात्यांत दुसरी छोटी कट्यार सांठविलेली, अशा नाना तऱ्हा संग्रहालयांत आहेत आणि प्रेक्षकांची गर्दी त्यांच्यापाशींच असते. कारागिराच्या कौशल्याचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु बिजागरी घातली कीं टोंकाची बळकटी गेली, आणि कट्यारीस दुसरें भांडवल तरी कोणतें आहे? कात्रीची कट्यार चिलखतावर आपटली तर आधीं तिचीच खीळ निखळेल. ह्या बहुतेक वस्तु अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या, म्हणजे चिलखताचा काळ सरत आल्यावरच्या. त्या दरबारांत दाखविण्यासाठीं, भेट देण्यासाठीं आणि पुढें पुढें साहेबलोकांस विकण्यासाठीं केलेल्या असाव्यात, असें आमचें मत आहे. कट्यारीनें वाघ मारण्याच्या कथा राजपूत दरबारांत पुष्कळ आहेत. त्या सर्वच खोट्या म्हणण्याचें कारण नाहीं; मात्र वाघ अंगावर आल्यावर उपयोगी पडणारें शस्त्र आणि शिकारीस घेऊन निघण्याचें शस्त्र ह्यांत फरक आहे.

ह्याच्या उलट, ज्या एका बदलास खरी उपयुक्ततेची दृष्टि होती तो दिसावयास अगदीं साधा आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपांतून तरवारींचीं पातीं आपल्या बंदरांत उतरत. त्यांनाच आपण फिरंग म्हणत असूं. अशा पात्याचा मोडलेला तुकडा टाकून न देतां लोहार तो कट्यारीच्या मुठीस रिवेट मारून जोडी. पात्यावर लांबट पन्हळी असून बुडाशीं रिवेटा दिसत असतील तर ती कट्यार बहुधा ह्या जातीची समजावी. एकाच हत्यारांत युरोपांतलें पोलाद आणि विजयनगरची मूठ.

मूठ आडवी करून पातें मुठीपुढें काढावें, ही कल्पना केवळ आपल्याच देशांत निघाली असेंही नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स आणि कॅलिफोर्निया ह्या भागांत खिशांत किंवा बाहींत लपविण्याजोग्या लहान कट्यारी निघाल्या. त्यांत शिडी नाहीं. एकच आडवी मूठ, आणि तिच्या मधून निघालेलें पातें दोन बोटांच्या फटींतून पुढें येतें. जुगाराचे अड्डे आणि सोनें शोधणाऱ्यांच्या वस्त्या हें त्यांचें माहेर. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील अंधाऱ्या झटापटींसाठीं इंग्लंडांतील डडली येथील रॉबिन्स कारखान्यानें असल्याच मुठीच्या कट्यारी केल्या. काळ निराळा, देश निराळा, परंतु अडचण तीच: जागा अरुंद आणि शत्रु हाताच्या अंतरावर. मनगटाचें रक्षण करणाऱ्या बाजूच्या दांड्या मात्र ह्या पाश्चात्त्य कट्यारींस नाहींत, आणि त्यामुळें आमच्या दृष्टीनें त्या अर्ध्याच राहिल्या.

लढाईबाहेर कट्यारीस जें काम मिळालें तें मानाचें. शेल्यांत खोंवलेली कट्यार हा दरबारी पोषाखाचा भाग झाला. जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तांत सरदारांस रत्नजडित ‘फूलकटार’ बक्षिस दिल्याचे उल्लेख वारंवार करतो. पोलादाच्या मुठीवर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवावयाची, ही कोफ्तगिरीची कला अशाच मुठींवर बहरली. बुंदी संस्थानच्या एका रुपयास त्यावरील चिन्हावरून ‘कटारशाही’ म्हणत, आणि कच्छच्या कोरीवर त्रिशूळ व चंद्रकोर यांच्या शेजारीं कट्यार असे. मराठा कुटुंबांत नवरदेवाच्या हातांत कट्यार देऊन तिच्या टोंकास लिंबू खोंवण्याची चाल अद्याप आहे. लिंबाच्या रसानें पोलादाचें काय होतें हें त्या मुहूर्तावर कोणी कोणास सांगूं नये. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं तरी ती कट्यार कोणी पुसून ठेवावी.

आतां आमच्या वाचकांच्या घरासंबंधीं. आपल्या घरांत शस्त्र कोठून असणार, असा प्रश्न कोणी करील. परंतु पटवर्धन, रास्ते, विंचूरकर ह्यांच्या पदरीं ज्यांचे पूर्वज होते, किंवा ज्यांच्याकडे देशमुखी-कुलकर्ण चाललें, अशा पुष्कळ ब्राह्मण कुटुंबांच्या माळ्यावर, पेटाऱ्यांत अथवा देवघराच्या फडताळांत एखादी तरवार, एखादी कट्यार निघते. खंडेनवमीस ती बाहेर येते, विळी-अडकित्त्याच्या शेजारीं पाटावर बसते, आणि पुन्हा वर्षभर अंधारांत जाते. वाडे पडून त्या जागीं सदनिकांच्या इमारती उठूं लागल्यापासून हें चक्र मोडलें आहे. सामान हलवितांना ‘हें गंजकें लोखंड कशाला’ म्हणून ती भंगारवाल्यास जाते. तंजावरांत जें सरकारी हुकुमानें झालें तें घरोघर आपल्याच हातांनीं होत आहे, आणि त्याचा लेख लिहावयास कोणी वॉलहाउसही नाहीं.

ज्यांच्याकडे ती अद्याप आहे त्यांच्यापैकीं कांहीं जण दुसरीच चूक करतात. ती चिंच, राख, विटेची पूड किंवा पॉलिश-कागद घेऊन चकचकीत करतात. पोलादाच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी असते, जिला जोहर म्हणतात, ती अगदीं वरच्या थरांत दिसते; घांसली कीं दिसेनाशी होते. कोफ्तगिरीचें सोनें तर केसाहून बारीक असतें. चिंचेच्या दोन हातांत तें मोरींतून वाहून जातें. काळपट रंग हा मळ नव्हे. तांबडा, सुटणारा गंज मात्र काढावा. त्यासाठीं शिवणयंत्राचें पातळ तेल मऊ सुती फडक्यावर घेऊन हलक्या हातानें, चार-चार दिवसांच्या अंतरानें पुसावें. एका बसणींत उरकण्याचा हट्ट नको. उघड्या हातानें पातें धरूं नये. घामाचे ठसे आठवड्यांत गंजाचे ठसे होतात. म्यान कातड्याचें किंवा मखमल लावलेलें असेल तर तें ओल धरून ठेवतें, म्हणून पावसाळ्यांत, आणि कोंकणांत तर बाराही महिने, कट्यार व म्यान वेगवेगळीं ठेवावींत. खंडेनवमीचें हळदकुंकू आणि झेंडूचीं फुलें पात्यावर न वाहतां पाटावर किंवा म्यानावर वाहावींत. देवीस त्यानें उणें वाटण्याचें कारण नाहीं.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९५९ चा शस्त्र कायदा धारदार शस्त्रांसही लागू आहे. परवान्याची आवश्यकता प्रदेशपरत्वें शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून असते, म्हणून जवळच्या पोलिस ठाण्यांत विचारून घ्यावें. घरांत ठेवणें एक आणि मिरवणुकींत हातीं घेऊन जाणें दुसरें; त्यास मनाईहुकूम असूं शकतो. शंभर वर्षांहून जुनी कट्यार १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तु ठरते आणि ती देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परदेशीं असलेल्या चिरंजीवांनीं ‘मी येथें भिंतीवर लावीन’ असें लिहिल्यास त्यांस हें कळवावें.

विकावयाचीच असेल, किंवा संग्रहालयास द्यावयाची असेल, तर तत्पूर्वीं एक काम अवश्य करावें. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्यास विचारून ती कोणाची, कोणत्या गांवाहून आली, कोणत्या शाखेकडे किती पिढ्या होती, हें एका कागदावर लिहून काढावें. पात्यावर जर कांहीं अक्षरें किंवा शिक्का असेल तर त्यावर तांदळाचें पीठ भुरभुरून अक्षरें उठवूं नयेत. बाजूनें उजेड पाडून छायाचित्र घ्यावें. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतल्यासारख्या संग्रहांत गेल्यावर ज्या पाटीवर केवळ ‘कट्यार, लोखंड’ एवढेंच लिहिलें जाण्याचा संभव असतो, तिच्यावर त्या कागदामुळें आणखी दोन ओळी येऊं शकतात. कागद पात्यास चिकटवूं नये. सुती दोऱ्यानें मुठीच्या आडव्या गजास सैल बांधावा.